सेक्रेटरी आणि नवा वॉचमन

आमच्या वाचनालयात टेबलाखाली जुनी वर्तमानपत्रं साठत जातात. महिनाअखेरीला शिपाई ती सुतळीने बांधतो आणि रद्दीवाला घेऊन जातो. किश्शांना मात्र कुणी रद्दीवाला नाही. ते साठतच राहतात, आणि प्रत्येक जण आपापल्या परीने त्यात भर घालतो.

मी भौतिकशास्त्र शिकवलं. आयुष्यभर प्रयोगशाळेत मुलांना एकच प्रश्न विचारला, "यात चूक किती टक्के?" तेव्हा पुढचं सगळं मला जसं आठवतं तसं सांगतो आहे. त्यात माझी चूक किती, हे मात्र सांगता येणार नाही.

ठाण्यातलं हे वाचनालय खोपटच्या डेपोपासून चालत दहा मिनिटांवर आहे. सकाळी दहाला आम्ही तिघं तिथे जमतो. कांबळे मॅडम इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. अजूनही त्यांच्या आवाजाने लोक सरळ बसतात! हरेश्वर नाखवा कोळीवाड्यातले, टेलिफोनमध्ये लाइनमन होते. आणि मी. मला दोघंही "सर" म्हणतात.

* * *

सुरुवात मॅडमच्या मुलीने केली. ती कुठल्याशा कंपनीत आहे. एकदा आईला सोडायला आली आणि आमचे फोन पाहून कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही शोधता ते सगळं हे लिहून ठेवतंय! त्यावरून तुम्हाला ओळखतंय!" मग तिने तिघांच्या फोनवर दुसरं सर्च इंजिन टाकून दिलं. हे म्हणे काहीच लक्षात ठेवत नाही.

आता दोघांना हाक कशी मारायची? जगभर ज्याची सत्ता आहे त्या पहिल्याला मी "शेजारीण" म्हणावं असं सुचवलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"शेजारीणच का, सर? आमच्या मजल्यावर चौकशा करणारे सगळे शेजारी आहेत!"

मी माघार घेतली. नाखवांनी तोडगा काढला. "सोसायटीचा सेक्रेटरी म्हणा. कोणाकडे कोण आलेला, कधी गेलेला, सगळं माहीत. न विचारता सल्ला पण देणार."

"आणि दुसरा?"

"नवा वॉचमन. रोज बघतो, तरी रोज विचारतो, कोणाकडे जायचंय?"

तेव्हापासून तीच नावं पडली.

* * *

मला या प्रकरणात इतका रस का, हे मी त्या दोघांना सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगतो.

गेल्या हिवाळ्यात खोपट डेपोत मी एसटीत बसलो होतो. कंडक्टर तिकीट देऊन पुढे गेला. गाडी सुटली, आणि एकाएकी मी कुठे निघालोय हेच मला आठवेना! शेवटी हातातल्या तिकिटावर वाचलं. भिवंडी. एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला चाललो होतो. अर्धं मिनिटच असेल. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी अर्धं मिनिट फार लांब असतं.

घरी आल्यावर मी सेक्रेटरीला विचारलं, "आपण कुठे निघालोय हे विसरणं, वय ७४, हा आजार आहे का?" उत्तर धड वाचवलं नाही. फोन उलटा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनवर मेंदूचं टॉनिक, शब्दकोडी, बदाम आणि ब्राह्मी तेल येऊ लागलं.

माझी पत्नी शैला चहा घेऊन आली आणि वाकून बघत म्हणाली, "अहो, तुमच्या फोनवर ब्राह्मी तेल कशाला?"

मी घाबरून म्हटलं, "केस गळतायत!"

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे गळण्यासारखं काही उरलेलं नाही. ती कप ठेवून आत गेली. रविवारी मात्र तिने ब्राह्मी तेलाची बाटली आणली आणि मला स्टुलावर बसवून माझं टक्कल चोळलं! हे अजून दर रविवारी चालू आहे.

त्याच रविवारी मी ठरवलं, तो प्रश्न पुन्हा कुणालाही विचारायचा नाही. शैलाला तर मुळीच नाही.

* * *

प्रयोगाची कल्पना माझीच. मी जुन्या सवयीने एक प्रयोगवही आणली. क्रमांकासह प्रश्न, तारीख, कुणाला विचारला, काय आढळलं, असे चार रकाने. वहीला लाल रिबन. मी वही नेहमी रिबन लावलेल्या पानावरच उघडतो, मागची पानं बघत नाही. आधीचं रीडिंग डोळ्यांपुढे असलं की नवं रीडिंग नकळत त्याच्यासारखं येतं. हे मी हजारो मुलांना शिकवलं आहे.

पहिला प्रयोग असा. तिघांनी तीन फोनवर एकाच वेळी सेक्रेटरीला विचारायचं, "गुडघेदुखीवर उपाय".

नाखवांना मालिशचं तेल आलं, एकावर एक फुकट. मॅडमना शस्त्रक्रियेचे डॉक्टर आले, फोटोसकट. माझ्या फोनवर गुडघा होता, पण त्याच्या खालीच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "गुडघ्यांबरोबर विसरभोळेपणाही वाढतोय?"

मी पडद्यावर पंजा ठेवला.

"तुम्हाला काय आलं, सर?"

"नेटवर्क नाही."

"माझ्याकडे फुल्ल आहे," नाखवा म्हणाले.

मी घाईघाईने दुसऱ्या भागाकडे वळलो. तोच प्रश्न वॉचमनला. तिन्ही फोनवर तीच यादी, त्याच क्रमाने! नाखवा जरा हिरमुसले.

"म्हणजे याला आपल्या तिघांत काही फरकच दिसत नाय?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नाखवा, आडनाव न विचारता उत्तर देणारा मला आयुष्यात पहिल्यांदा भेटलाय. राहू दे त्याला."

* * *

नाखवांना वाटलं, सेक्रेटरीला चकवायचं. खरं ते विचारायचंच नाही! त्यांनी आठवडाभर रोज विचारलं, "घोडा विकत घेणे", "घोड्याचं खोगीर किंमत", "घोडा काय खातो".

"बसू दे शोधत, हरेश्वर नाखवाकडे तबेला कुठंय!"

आठव्या दिवशी ते तोंड पाडून आले. त्यांचा फोन घरी बायको वापरते, मासळीच्या पाककृती बघायला. तिच्यासमोर सेक्रेटरीने लग्नाच्या वरातीचे घोडे, बँड, फेटे आणि शेरवान्या लावून ठेवल्या होत्या.

तिने भावांना बोलावून घेतलं. चौघांदेखत नाखवांना विचारलं, "सांगा यांना! या वयात घोड्यावर कोणासाठी चढताव?"

* * *

सेक्रेटरी एवढा संशयास्पद, तर वॉचमन तरी सज्जन कशावरून? त्याचा पगार कोण देतं? मला झोप येईना. मी ठरवलं, दोघांचे नियम शब्दन् शब्द वाचायचे. पडद्यावर लक्ष लागत नाही, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापून घेतले. सेक्रेटरीचा गठ्ठा एवढा जाड झाला की दुकानदाराने विचारलं, "सर, कोर्टात केस चाललीय का?"

तीन दिवस पेन्सिलीने खुणा करत वाचलं. वॉचमनच्या कागदांत आढळलं की तोही जाहिराती दाखवतो, पण विचारलेल्या प्रश्नावरून, विचारणाऱ्यावरून नाही. घोडा विचारला तर घोडा दाखवेल, पण उद्या विसरेल. निदान लिहिलं तरी तसं होतं. लिहिलेलं खरं असतंच असं नाही, हेही मी समासात नोंदवलं.

चौथ्या दिवशी पेन घ्यायला त्या दुकानात गेलो. दुकानदार मला बघून ओरडला, "सर! बरं झालं आलात! तुमचं ब्राह्मी तेल इथे पण यायला लागलंय!"

खासगीपणाचे नियम छापून घेण्यासाठी मी त्याच्या कॉम्प्युटरवर माझं खातं उघडलं होतं, आणि बंद करायचं विसरलो होतो.

* * *

वॉचमनचेही दोष आहेत. निष्पक्षपणे सांगितले पाहिजेत.

नवरात्रात आम्ही तिघं टेंभी नाक्याला देवीला गेलो होतो. संध्याकाळची गर्दी. रांगेत एक बाई घामाघूम होऊन खाली बसली. मॅडमनी नाडी धरली आणि हुकूम सोडला, "सर, जवळचं औषधाचं दुकान बघा. ग्लुकोज आणा!"

मी वॉचमनला विचारलं. आपण कुठे उभे आहोत हे त्याला कुठे माहीत? त्याने मोठ्या नम्रपणे मला नागपुरातलं दुकान दाखवलं!

नाखवांनी सेक्रेटरीला विचारलं. त्याने चाळीस पावलांवरचं दुकान दाखवलं, ते उघडं आहे हे सांगितलं, आणि वर म्हणाला, तुम्ही इथे गेल्या वर्षी आला होता.

बाई सावरली. परत येताना नाखवा म्हणाले, "मी गेल्या वर्षी त्या दुकानात गेलेलो, हे मला स्वतःला आठवत नव्हतं! सेक्रेटरीला आठवतंय! मग आपण डोकं वापरायचं कशाला?"

दोघं खूप हसले. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

मग नाखवांनी मला आणखी एक दाखवलं. सेक्रेटरीकडे आपण आधी वाचून आलेल्या ओळी जांभळ्या होतात. "जांभळं दिसलं की समजायचं, इकडे आपण येऊन गेलेलो." वॉचमनकडे मॅडमच्या मुलीने अशी सोय केली आहे की सगळं कायम निळंच. दर वेळी पहिल्यांदाच आल्यासारखं.

मला ते निळं बरं वाटलं.

* * *

नाखवा एकदा जुन्या दिवसांबद्दल सांगत होते. खांबावर चढून लाइन तपासायची म्हणजे कानाला रिसीव्हर लावावाच लागे. त्यात लोकांचं बोलणं कानावर पडायचं.

मॅडम म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे तुम्हीच आमचे पहिले सेक्रेटरी!"

"पण मी खाली उतरायचो, मॅडम. हा खांबावरच राहतो!"

मी धीर करून माझी शंका विचारली. वेगळ्या शब्दांत. "समजा, एखादी गोष्ट आपण कुणालाच विचारली नाही. तरी तिच्या जाहिराती येतात. असं कसं?"

झालं असं होतं की माझ्या फोनवर आता आठवण करून देणारी घड्याळं येत होती. वार आणि तारीख मोठ्या अक्षरांत दाखवणारी. डोंबिवलीत मानपाड्याला आमची मुलगी राहते. तिच्या घराजवळच्या ज्येष्ठांच्या फ्लॅटचीही जाहिरात आली होती. आणि "रुग्णाशी कसं बोलावं" असं एक भाषण. यातलं मी काहीच शोधलं नव्हतं. फोन माझं बोलणं ऐकतो असा मला दाट संशय आला. मी तो बिस्किटांच्या डब्यात ठेवायला लागलो होतो.

नाखवांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"सर, तुमच्या घरात वायफाय एकच ना?"

"हो."

"मग ती एकच लाइन. पूर्वी एका नंबरावर दोन फोन असायचे, पॅरलल. तुम्ही हॉलमध्ये बोलायचं नाय, पण आतल्या खोलीत कोणीतरी बोलतंय."

मी म्हटलं, "आत फक्त शैला असते."

नाखवा वर्तमानपत्र वाचायला लागले.

त्या दिवसापासून मी शैलावर लक्ष ठेवलं. हे लिहिताना लाज वाटते. ती टॅबलेट घेऊन बसली की मी पाणी प्यायला आत जाई. ती पडदा बदलून कारल्याची भाजी उघडे. चार दिवसांत मी इतकं पाणी प्यायलो की तिने मुलीला फोन करून सांगितलं, "बाबांची शुगर तपासून घ्यायला हवी!"

* * *

शैलाबद्दल एवढं सांगायला हवं. ती आमच्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होती. मुलांची जर्नलं तीच तपासायची. लाल शाई, "तपासले", सही, तारीख. एखाद्या मुलाने एकच रीडिंग घेऊन निष्कर्ष काढला, की ती वही परत करायची. "तीन रीडिंग झाल्याशिवाय निष्कर्ष नाही. जा, पुन्हा घे." एकदा तिने माझीही वही परत केली होती. तेव्हा आमचं लग्न ठरायचं होतं. लग्न ठरलं ते त्यामुळेच, असं मला वाटतं. तिला विचारलं तर ती वेगळं कारण सांगते.

* * *

आता शेवटचा किस्सा.

परवा आम्ही ठरवलं, प्रयोग पुरे. सेक्रेटरी चांगला की वॉचमन, निकाल लावून टाकू. पन्नासेक प्रश्न जमले होते. मी वही मॅडमच्या हातात दिली.

त्या वही उघडण्याआधीच हसायला लागल्या. "सर, वॉचमन काही लिहून ठेवत नाही म्हणून तुम्ही त्याच्याकडे जाता. आणि घरी जाऊन सगळं स्वतःच्या अक्षरात, तारखेनिशी लिहून ठेवता?"

नाखवांनी टेबलावर थाप मारली. "आणि सेक्रेटरीला पासवर्ड तरी लागतो. या वहीला रिबन आहे!"

मीही हसलो. वहीत लपवण्यासारखं काय होतं? गुडघेदुखी, औषधाचं दुकान, घोडा. मॅडम मोठ्याने वाचू लागल्या. प्रश्न बारा, सेक्रेटरीला एक गुण. प्रश्न तेरा, वॉचमन. नाखवा खडूने पाटीवर रेघा ओढत होते.

"प्रश्न तेवीस," मॅडम म्हणाल्या, आणि थांबल्या.

त्यांनी पानं उलटली. पुन्हा थांबल्या. आणखी पुढे गेल्या. मग वही नाखवांकडे सरकवली. नाखवांनी वाचलं, खडू खाली ठेवला आणि वही माझ्याकडे सरकवली.

प्रश्न क्रमांक तेवीस. वॉचमनला विचारला. "आपण कुठे निघालोय हे विसरणं, वय ७४, हा आजार आहे का?" शेवटच्या रकान्यात, "नवा प्रश्न. पूर्वी वहीत नाही."

प्रश्न क्रमांक एकतीस. तीन आठवड्यांनंतर. तेच शब्द. "नवा प्रश्न. पूर्वी वहीत नाही."

प्रश्न क्रमांक चव्वेचाळीस. गेल्या गुरुवारी. तेच शब्द. "नवा प्रश्न. पूर्वी वहीत नाही."

अक्षर माझंच होतं. सुबक, एका रेषेत.

तिन्ही नोंदींखाली लाल शाई होती. "तपासले." सही. प्रत्येक सहीखाली त्या त्या दिवसाची तारीख.

गुरुवारच्या सहीखाली एक ओळ जास्त होती.

"तीन रीडिंग झाली. मंगळवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरांकडे. दोघंही."

वाचनालयात पंख्याचा आवाज येत होता. मग मॅडमनी समोरचं वर्तमानपत्र उचललं, घडी घातली आणि वार दिसेल अशा बेताने माझ्यापुढे ठेवलं.

सोमवार होता.